भरीत पार्टीत ट्रॉयची गोष्ट कशी सांगायची

मागच्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती, तिथं मी हौसेनं होमरचं इलियड, म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय शहराला वेढा घातला त्या लढाईचं जुनं ग्रीक महाकाव्य, सांगायला घेतलं आणि सुरुवात केली दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीपासून, कोण कुठून किती जहाजं घेऊन आला वगैरे. दहा मिनिटात निम्मी मंडळी वांगी भाजायला उठून गेली. बरोबरच केलं त्यांनी.

तर सगळं सांगायच्या नादी लागू नका, साडेपंधरा हजारांच्या वर ओळी आहेत त्यात. एकच प्रसंग धरा. मी सहाव्या सर्गातला धरतो, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर लढाईतून घटकाभर शहरात येतो आणि वेशीपाशी बायकोला, आंद्रोमाखीला भेटतो तो.

पाठांतर अजिबात नको. १९३० च्या दशकात मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं युगोस्लाव्हियातले लोकगायक रेकॉर्ड केले, त्यातल्या अव्दो मेजेदोविचला लिहिता-वाचता येत नव्हतं तरी गडी १२ हजारांवर ओळींचं एक काव्य गायला, ठरलेले तुकडे जोडत जोडत. आपला कीर्तनकार नाही का तेच आख्यान कधी वीस मिनिटात तर कधी दीड तासात बसवत, तसंच.

होमरचे असे तुकडे म्हणजे चपळ पायांचा अकिलीस (हा ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा), गुलाबी बोटांची पहाट. आपल्या कामाचा एकच, 'चमकत्या टोपाचा हेक्टर'. हा पोरांना देऊन टाका. तुम्ही "चमकत्या टोपाचा" म्हणून थांबायचं, पोरं "हेक्टर!" ओरडतील, आपल्या खानदेशी वहीगायनात मागचे साथीदार ओळ उचलून धरतात तसं. चार-पाचदा होऊ द्या, मजा येते.

मग आवाज खाली आणा. आंद्रोमाखीचा बाप आणि सातही भाऊ अकिलीसनं मारलेत, आईपण गेली. ती नवऱ्याला म्हणते, आता तूच माझा बाप, तूच माय, तूच भाऊ. (इथं आमच्या काकूनं पदर डोळ्याला लावला, भाकरी थापायची राहिली.) हेक्टर आपल्या तान्ह्या पोराला घ्यायला हात पुढं करतो आणि पोरगं किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं, कारण बापाच्या टोपावर घोड्याच्या केसांचा तुरा हलतोय ना! इतका वेळ पोरं ज्याच्या नावानं ओरडत होती तोच टोप. खरा टोप, हेल्मेट काही आणू नका, नुसता पंजा डोक्यावर धरून बोटं हलवा. मग सावकाश, दोन्ही हातांनी तो टोप काढून जमिनीवर ठेवा आणि गप्प बसा. मोजून तीन श्वास. मायबाप हसतात, हेक्टर पोराला उचलून मुका घेतो.

इथंच थांबायचं. पुढं काय झालं म्हणून पोरं मागं लागतात, लागू द्या, हेक्टर मरतो बाविसाव्या सर्गात, ते पुढच्या भरिताला.