विचित्र पुतळे बघायचे तर असे बघा

सगळ्यात आधी मान खाली घाला. पोलंडच्या व्रोत्स्वाफ शहरात ब्राँझचे बुटके आहेत, बहुतेक गुडघ्यालाही लागत नाहीत, कोणी खांबाला लटकलाय तर कोणी पायरीवर झोपलाय, आणि मोबाईलमध्ये बघत चाललात की हमखास चुकतात. पण निघायच्या आधी गोष्ट वाचून जा हां, कारण १९८० च्या दशकात भिंतींवरच्या सरकारविरोधी घोषणा रंग फासून झाकल्या जायच्या आणि ऑरेंज अल्टरनेटिव्ह या सरकारविरोधी गटातले लोक त्याच डागांवर बुटके रंगवायचे, त्याची आठवण म्हणून २००१ मध्ये पहिला पुतळा बसला. हे माहीत असलं की तो बुटका नुसता गोंडस राहत नाही, मला तर भरूनच येतं.

स्लोव्हाकियाच्या ब्रातिस्लाव्हा शहरातला चुमिल नावाचा पुतळाही असाच, मॅनहोलमधून डोकं काढून बसलाय, त्याच्याशेजारी खाली बसूनच बघा.

प्रागमध्ये शिल्पकार डेव्हिड चेर्नीने केलेलं लेखक काफ्काचं डोकं मात्र घाईत बघू नका. स्टीलचे ४२ थर वेगवेगळे फिरतात, चेहरा विस्कटतो, नाक कुठे कान कुठे काही कळत नाही आणि मग हळूहळू परत जुळतो. तो जुळेपर्यंत थांबा, फोटो नंतर काढा.