जीआरईचे शब्द बसवायचे कसे

जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्यासाठीची साडेतीन हजार शब्दांची पीडीएफ अजून क्लासमधून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरून फिरत असते. ती उघडून ‘ए’पासून घोकंपट्टी सुरू करणं हा वेळ वाया घालवण्याचा हमखास मार्ग. अशा याद्या जुन्या परीक्षेच्या सोयीच्या होत्या. 2011च्या ऑगस्टपर्यंत जीआरईत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्यांमधलं नातं विचारत. ते दोन्ही प्रकार बंद झाले. आता शब्द वाक्यात येतो आणि वाक्यातच तपासला जातो.

सप्टेंबर 2023 पासूनच्या लहान परीक्षेत व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागाचे, 27 प्रश्न असतात: पहिल्या भागात 18 मिनिटांत 12, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, उरलेले टेक्स्ट कम्प्लीशन आणि सेन्टेन्स इक्विव्हॅलन्सचे. टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये रिकाम्या जागा भरायच्या; जागा एक असेल तर पाच पर्याय, दोन किंवा तीन असतील तर प्रत्येकीला तीन. सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण. सेन्टेन्स इक्विव्हॅलन्समध्ये एका रिकाम्या जागेसाठी सहांपैकी असे दोन शब्द निवडायचे, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. एक बरोबर, एक चूक म्हणजे शून्य. अर्धवट ओळखीच्या शब्दांना इथे काही किंमत नाही, म्हणून तीन हजार शब्द तोंडओळखीचे असण्यापेक्षा नऊशे-हजार शब्द पक्के असलेले बरे.

हिशेब सोपा आहे. रोज 15 नवे शब्द, आठवड्याचे सहा दिवस, दहा आठवडे म्हणजे 900. त्यावर दोन-तीन आठवडे फक्त उजळणीला ठेवा. अँकी हे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. त्यात मुळात रोज 20 नवी कार्डं लावलेली असतात. आकडा छोटा वाटतो, पण काही आठवड्यांत रोजची उजळणीच दीडशे-दोनशे कार्डांच्या घरात जाते, चार दिवस सुटले की डोंगर उभा राहतो आणि मग माणूस अ‍ॅपच उघडत नाही. म्हणून 15वर आणा. नोकरी सांभाळून अभ्यास असेल तर 10 ठेवा आणि पंधरा आठवडे धरा. उजळणी तुंबली तर नवे शब्द बंद करा, उजळणी नाही.

कार्ड कसं करायचं यावर बरंच अवलंबून आहे. पुढे नुसता शब्द आणि मागे कोशातला अर्थ असं कार्ड पाठ होतं, पण परीक्षेत उपयोगी पडत नाही. पुढच्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा आणि तो शब्द ठळक करा. मागे चार गोष्टी: थोडक्यात मराठी अर्थ, अधिक की उणे (शब्दाचा सूर कौतुकाचा की टीकेचा), एक-दोन जोडीदार (समानार्थी) शब्द, आणि या शब्दात काय येत नाही ते. ‘इक्विव्होकेट’ घ्या. पुढे वाक्य असं, की तोट्याबद्दल विचारल्यावर अध्यक्ष सरळ उत्तर न देता गोलमोल बोलले. मागे ‘नरो वा कुंजरो वा करणं’, उणे चिन्ह, जोडीदार ‘प्रिव्हॅरिकेट’. शेवटची ओळ: धडधडीत खोटं बोलणं नव्हे. धर्मराजाचं वाक्यही अक्षरशः खोटं नव्हतं, हेतू मात्र दिशाभूल करण्याचा होता. इतका नेमका मराठी प्रयोग सापडला तर पानभर इंग्रजी व्याख्येची गरज नाही. ‘ऑब्सीक्विअस’ला ‘लाळघोट्या’, ‘टॅसिटर्न’ला ‘घुमा’, ‘कप्रिशस’ला ‘लहरी’ चपखल बसतात. ‘विनम्र’ लिहिलंत तर ‘ऑब्सीक्विअस’मधला तिरस्कार हरवतो आणि नेमका तिथेच प्रश्न चुकतो.

उत्तर बघण्याआधी अर्थ तोंडाने सांगा. ‘हो, माहीत होतं’ असं कार्ड उलटल्यावर सगळ्यांनाच वाटतं. आठ-दहा सेकंदांत आठवलं नाही तर ‘अगेन’ दाबा. ‘हार्ड’ हे बटण आठवलं पण कष्टाने, यासाठी आहे. विसरलेल्या शब्दाला ‘हार्ड’ दिलं की अ‍ॅप तो आठवला असं समजून पुढे ढकलतं आणि सगळं वेळापत्रक बिघडतं. शिकलेलं एखादं कार्ड आठ वेळा विसरलं गेलं की अँकी त्यावर ‘लीच’ (जळू) असा शिक्का मारतं. तेच कार्ड पुन्हा रेटण्यात अर्थ नाही. वाक्य बदला किंवा नवी खूण शोधा.

वर्णानुक्रमाने शिकू नका, सारखे दिसणारे शब्द एकमेकांत मिसळतात. विषयवार गट बरे, पण त्यातही एक खाच आहे: सहा समानार्थी शब्द एकाच दिवशी घेतले तर तेही मिसळतात. बडबड्या माणसाच्या गटात आधी ‘गॅर्युलस’ पक्का करा, त्या खुंटीला चार-पाच दिवसांनी ‘लोक्वेशस’ अडकवा, ‘व्हर्बोस’ त्यानंतर. आणि फरक कार्डावर लिहा: ‘गॅर्युलस’ सहसा माणसाला लागतो, ‘व्हर्बोस’ लेखनालाही. गोंधळणाऱ्या जोड्या मात्र गोंधळ झाल्यावर मुद्दाम एका कार्डावर आणा. ‘इन्जीनियस’ म्हणजे कल्पक, ‘इन्जेन्युअस’ म्हणजे निष्कपट, भोळाभाबडा. ‘व्हीनल’ लाचखाऊ, ‘व्हीनियल’ क्षम्य.

धातू आणि उपसर्ग मदत करतात. ग्रीक ‘यू’ आणि ‘डिस्’ हे आपल्या ‘सु’ आणि ‘दुस्’चे सख्खे नातेवाईक, म्हणून ‘यूफेमिझम’ आणि ‘डिस्पेप्टिक’ची दिशा लगेच कळते. पण अंदाजाची खात्री कोशात करून घ्या. ‘एनर्व्हेट’ ऐकून ऊर्जा आठवते, अर्थ नेमका उलटा: गळाठून टाकणं. ‘नॉयसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, तो घाण वासाचा. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे शांत नव्हे, अस्वस्थ.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ओळखीच्या शब्दांवर. यादीत त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. बँकेत कर्ज ‘सँक्शन’ होतं तेव्हा मंजुरी मिळते, पण देशावर ‘सँक्शन’ लागते तेव्हा निर्बंध येतात. ‘क्वालिफाय’ म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, ‘चेक’ आणि ‘अरेस्ट’ म्हणजे रोखणं, ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणं, ‘फ्लॅग’ म्हणजे थकत जाणं, ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे रटाळ, सामान्य, ‘वाँटिंग’ म्हणजे उणा पडणारा. अशा शंभरेक शब्दांची वेगळी डेक (अँकीतला कार्डांचा गठ्ठा) करा आणि पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

आता सेन्टेन्स इक्विव्हॅलन्सचा एक प्रश्न. वाक्याचा आशय असा: समीक्षकाने कादंबरीचं कौतुक केलं असलं, तरी ते इतकं ____ होतं की वाचकांना ती टीकाच वाटली. पर्याय: इफ्यूसिव्ह, टेपिड, लॅकॉनिक, लॅव्हिश, ल्यूकवॉर्म, अ‍ॅस्ट्यूट. पर्याय झाकून आधी आपला शब्द ठरवा: ‘कोमट’, चिन्ह उणे. ‘इफ्यूसिव्ह’ आणि ‘लॅव्हिश’ ही सुंदर जोडी आहे, पण अधिक चिन्हाची, घाईत पर्यायांतली जोडी शोधणाऱ्यासाठी ठेवलेली. ‘लॅकॉनिक’ वाक्यात बऱ्यापैकी बसतो, त्रोटक कौतुक असू शकतं, पण त्याला जोडीदार नाही. उरतात ‘टेपिड’ आणि ‘ल्यूकवॉर्म’. ही सवय लागली की असे प्रश्न मिनिटाच्या आत होतात आणि वाचलेला वेळ उताऱ्यांना मिळतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला दोन-तीन लांब लेख वाचा, दि इकॉनॉमिस्ट किंवा सायंटिफिक अमेरिकनच्या पातळीचे. डेकमधला शब्द भेटला की ते वाक्य कार्डावर चढवा, आधीचं काढून टाका. अपरिचित शब्द एका लेखातून पाचापेक्षा जास्त उचलू नका. परीक्षेतल्या निबंधात मात्र हे शब्द कोंबण्याचा मोह टाळा.

सरावाला आधी ईटीएसचे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे, अधिकृत प्रश्न. तिच्याच पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावाच्या दोन फुकट चाचण्यांपैकी एक सहाव्या आठवड्यात, दुसरी शेवटच्या पंधरवड्यात द्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, सूर उलटा लागला, की वाक्यातला ‘जरी-तरी’ निसटला. तिसरं कारण वारंवार येत असेल तर नवे शब्द थांबवून आठवडाभर वाक्यं सोडवा.

परीक्षेच्या दहा दिवस आधी नवी कार्डं बंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. शब्द अजिबात ओळखीचा नसेल तर वाक्याला अधिक हवं की उणे एवढं ठरवून उलट्या चिन्हाचे पर्याय उडवा, उरलेल्यांतून निवडा, प्रश्नावर खूण करून पुढे जा. त्याच भागात वेळ उरला तर परत येता येतं, भाग संपल्यावर नाही.