लिनक्स राउटरवर बफर वाढवताय? आधी या चुका टाळा

जुना पीसी घेतला, दोन लॅन कार्डं लावली, लिनक्स टाकून राउटर बनवला आणि पॅकेट ड्रॉप (डेटाचे तुकडे वाटेतच टाकून दिले जाणं) दिसायला लागले की आपण काय करतो, तर कुठून तरी दहा-बारा सिसकंट्रोलच्या (लिनक्सच्या आतल्या सेटिंग बदलणाऱ्या) ओळी उचलून चिकटवतो. मीपण तेच केलं होतं, दोन रविवार गेले त्यात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आरमेम_मॅक्स, डब्ल्यूमेम_मॅक्स, टीसीपी_आरमेम वाढवणं. हे सॉकेटचे (प्रोग्राम नेटवर्कला जिथे जोडला जातो त्या टोकाचे) बफर आहेत, डेटा थोडा वेळ साठवायची जागा, म्हणजे त्याच मशीनवर जो प्रोग्राम चालतो त्याच्यासाठी. एका कार्डातून येऊन दुसऱ्यातून बाहेर पडणारं पॅकेट सॉकेटपर्यंत जातच नाही, त्यामुळे तिथे ८ एमबी करा नाहीतर ६४, राउटिंगला ढिम्म फरक पडत नाही (त्याच मशीनवर प्रॉक्सी किंवा फाइल सर्व्हर चालवत असाल तर गोष्ट वेगळी). आणि त्या ओळींत टीसीपी_मेम असेल तर जपून, त्याचं माप बाइटमध्ये नाही, पेजमध्ये आहे, आपल्या साध्या पीसीवर एक पेज ४०९६ बाइटचं. १६७७७२१६ हा आकडा बाइट समजून टाकलात तर लिमिट झाली ६४ जीबी, आणि मशीनमध्ये रॅम ४ जीबी!

आधी ड्रॉप नक्की कुठे होतोय ते शोधा. इथटूल या लॅन कार्ड तपासायच्या कमांडला कॅपिटल एस दिलं की कार्डाचे काउंटर दिसतात, त्यात मिस्ड किंवा नो बफर असं काही वाढत असेल तर कार्डाची रिंग, म्हणजे आलेली पॅकेट उचलली जाईपर्यंत थांबतात ती रांग, भरतेय. स्मॉल जीने रिंगची साइज कळते, कॅपिटल जीने बदलते. इंटेलच्या बऱ्याच गिगाबिट कार्डांवर ती २५६ असते आणि ४०९६ पर्यंत जाते, पण एकदम टोकाला नेऊ नका, ५१२, मग १०२४ असं बघत बघत जा. बदलताना लिंक क्षणभर पडू शकते, आणि रीबूट झालं की सेटिंग परत जुनं, ते स्टार्टअपला टाकावं लागतं.

रिंग ठीक असेल तर प्रोक नेट फोल्डरमधली सॉफ्टनेट_स्टॅट ही फाइल बघा, प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायात). दुसरा कॉलम (सीपीयूची रांग भरल्यामुळे पडलेली पॅकेट) शून्य असेल तर त्या रांगेची मर्यादा, म्हणजे नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग १००० वरून वाढवून काही मिळणार नाही. तिसरा (काम उरलं असताना एका फेरीचा कोटा किंवा वेळ संपला असं किती वेळा झालं) पळत असेल तर तो कोटा, म्हणजे नेटडेव्ह_बजेट, ३०० चं ६०० करून बघा.

आता ज्याने मला खरंच त्रास दिला ते. ड्रॉप नको म्हणून मी टीएक्सक्यूलेन (बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या रांगेची लांबी) १००० चा १०००० केला. हिशोब करा, १५०० बाइटची १००० पॅकेट म्हणजे १५ लाख बाइट, १० एमबीपीएस अपलोडला ती रिकामी व्हायला १.२ सेकंद, आणि १०००० पॅकेटना १२ सेकंद! ड्रॉपचा आकडा छान शून्य, पण घरात कुणी फोटो अपलोडला लावले की व्हिडिओ कॉल ठप्प. टीसीपीला वेग कधी कमी करायचा हे मुख्यतः ड्रॉपवरून कळतं, तो लपवला की रांग वाढतच जाते. मी परत १००० वर आलो, केक नावाची रांग सांभाळणारी सोय लावली (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यात ४.१९ पासून आतच आहे) आणि स्पीड खऱ्या अपलोडच्या ९० टक्क्यांवर बांधला, म्हणजे रांग मोडेमात न लागता आपल्या ताब्यात राहते. पिंग लगेच खाली आलं.

एवढं करूनही नवीन कनेक्शन अडकत असतील तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) कॉनट्रॅकचं, म्हणजे चालू कनेक्शनच्या नोंदींचं, टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट असं येतंय का बघा. तो बफरचा प्रॉब्लेमच नसतो, एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स वाढवा.