ठाण्यात जुना वाडा लग्नाला घेताय? आधी या चुका टाळा

आमच्या भाचीचं रिसेप्शन जुन्या ठाण्यात, तलावपाळीपासून चालत जाण्यासारख्या एका वाड्यात केलं. मालकांनी जीव ओतून दुरुस्त करून घेतलेला वाडा, सागवानी खांब, मधे चौक, तुळशीवृंदावन, ताई तर बघताक्षणी हो म्हणाली. आणि त्या दिवशी साडेसातला नवरानवरी स्टेजवर चढले नि अख्खा वाडा अंधारात! चूक आमचीच, वाडा आम्ही हॉल समजून बुक केला.

सगळ्यात आधी मालकांकडे महावितरणचं बिल मागा, त्यावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल तो आकडा, छापलेला असतो. तिथला ८ किलोवॅट होता, घराला भरपूर. पण डेकोरेटरने हजार वॅटचे ६ हॅलोजन लावले म्हणजे ६ किलोवॅट तिथेच संपले, वर दीड टनाचे दोन एसी, साउंड, केटररचा चहाचा बॉयलर, मग एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडणारच ना. वीस मिनिटं मोबाईलच्या टॉर्चवर आहेर घेतले आम्ही. त्यामुळे लाइट एलईडीच लावायला सांगा, साउंड आणि केटररचं सामान जनरेटरवर टाका, आणि ती जनरेटरची गाडी गल्लीत शिरते का हे आठवडाभर आधी स्वतः जाऊन बघा, तिकडे काही गल्ल्यांत टेम्पोसुद्धा वळत नाही.

दुसरं म्हणजे भिंती. जुना गिलावा चुन्याचा असतो. डेकोरेटरच्या पोराने माळांसाठी डबल टेप चिकटवला, रात्री ओढून काढला तर तळहाताएवढा पापुद्रा टेपबरोबरच आला, आतली वीट दिसायला लागली. तिथे सिमेंट थापून भागत नाही कारण सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग आजूबाजूचा चुनाही सुटतो, चुन्याचं काम येणारा गवंडीच लागतो. डिपॉझिट कापलं त्याचं नाही एवढं वाटलं, पण मालकीणबाई त्या जागेवरून नुसता हात फिरवत उभ्या होत्या ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. फुलं स्टँडवर लावा नाहीतर खांबाला सुती दोरीने बांधा, खिळा एकही नको. होम असेल तर उघड्या चौकात, लाकडी छताखाली अजिबात नाही.

माडीवर एका वेळी किती माणसं चालतील हे मालकांना विचारून घ्या आणि जिन्यापाशी घरचंच कोणीतरी उभं करा, कारण फोटोग्राफर ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना वर बोलावतो आणि लाकडी तुळयांवर एकदम साठ माणसं जमतात. जेवण खालीच ठेवा, जिने उभे असतात, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. टॉयलेट मोजा! आमच्याकडे अडीचशे पाहुण्यांना दोनच होती.

आणि वेळ. चौक उघडा असतो, म्हणजे रात्री १० नंतर स्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमच तसे आहेत, आणि शेजारी लोक राहतात हो तिथे. पत्रिकेवर साडेसातच्या जागी साडेसहा छापा. सजावटीचे आणि आवरायचे तास भाड्यात धरलेत का हे करारात लिहून घ्या, आमचे आवरायचे तीन तास वेगळे लागले.