बंड न केलेली वसाहत: वेस्ट फ्लोरिडाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकन क्रांती म्हटली की ‘तेरा वसाहती’ हा आकडा आपल्या तोंडी बसलेला असतो. प्रत्यक्षात १७७६ साली अटलांटिकपलीकडे ब्रिटनच्या त्याहून बऱ्याच जास्त वसाहती होत्या. क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, जमैका, बर्म्युडा आणि चक्क दोन फ्लोरिडा. त्यांतली वेस्ट फ्लोरिडा मी एम.ए.च्या प्रबंधासाठी निवडली आणि आजही तिच्यातच रमले आहे. या वाटेला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी आजचं फ्लोरिडा राज्य डोक्यातून काढून टाका. १७६३च्या पॅरिसच्या तहानंतर ब्रिटनच्या हाती आलेल्या या मुलखाचे राजाच्या जाहीरनाम्याने दोन भाग केले. पश्चिमेकडचा भाग अपालाचिकोला नदीपासून थेट मिसिसिपीपर्यंत पसरलेला. राजधानी पेन्साकोला, मोबील, बॅटन रूज, नॅचेझ ही ठाणीही त्यातच. न्यू ऑर्लिन्स मात्र स्पेनकडे गेलं. आज हा मुलूख चार राज्यांत वाटला गेला आहे, आणि माझ्या मते तो विस्मरणात जाण्याचं मोठं कारण हेच: ‘आमचा इतिहास’ म्हणून त्यावर हक्क सांगणारं एक घर उरलेलं नाही.

आता मुख्य प्रश्न. इथे बंड का झालं नाही? नवा अभ्यासक बहुधा राजनिष्ठेची भाषणं आणि पत्रकं शोधायला लागतो. माझा सल्ला असा, की आधी खर्चाचे ताळेबंद वाचा. या वसाहतीच्या कारभाराचा खर्च पार्लमेंट दरवर्षी मंजूर करत असे. गोरी वस्ती विरळ. भोवती चोक्टॉ, क्रीक, चिकासॉ या मूळनिवासींची बलाढ्य राष्ट्रं, आणि त्यांच्याशी संबंध टिकायचे ते तह आणि नजराण्यांवर. त्यात शिबंदी लंडनची. ज्यांचा पगार, संरक्षण आणि जमिनीचा पट्टा एकाच ठिकाणाहून येतो, त्यांना बॉस्टनचा संताप परका वाटला तर नवल नाही. १७७४मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे तक्रारी घेऊन जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, इथेही पत्र धाडलं, पण प्रतिनिधी कोणी गेला नाही. पुढच्याच वर्षी गव्हर्नर पीटर चेस्टरने राजनिष्ठांना आसरा जाहीर केला.

तरीही मिसिसिपीकाठचे बरेच मळेवाले कुंपणावरच बसून होते. त्यांना ब्रिटनच्या बाजूला ढकललं ते जेम्स विलिंगने. हा पूर्वी नॅचेझमध्येच व्यापार करून गेलेला माणूस. १७७८च्या सुरुवातीला काँग्रेसच्या वतीने ‘रॅटलट्रॅप’ नावाच्या नावेतून तो नदीने खाली आला आणि ओळखीच्यांचेच मळे त्याने लुटले. लुटीत गुलाम माणसंही होती. ती न्यू ऑर्लिन्सला विकली गेली. विल्यम डनबर या मळेवाल्याची रोजनिशी या लुटीबद्दल संतापाने लिहिते. ती जरूर वाचा, पण हा स्वतः गुलाम राबवणारा माणूस आहे हे क्षणभरही विसरू नका. त्याच्या नुकसानीच्या यादीत जी माणसं ‘माल’ म्हणून येतात, त्यांची बाजू कुठल्याच रोजनिशीत नाही. ती तुम्हालाच खरेदीखतं आणि दाव्यांच्या कागदांतून वेचावी लागेल. या विषयातलं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत गरजेचं काम हेच आहे.

पेशवे दफ्तराची पत्रं हाताळलेल्यांना पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, तारीख टिपायची सवय असते. ती इथे फार कामाला येते. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरात, सी. ओ. (कलोनियल ऑफिस, म्हणजे वसाहत खातं) ५ या मालिकेत गव्हर्नरांची पत्रं आहेत. ती कधी पोचली याची नोंद पाठीवर असते. पत्र लिहिल्याची आणि मिळाल्याची, अशा दोन्ही तारखा स्वतंत्र रकान्यांत लिहा. स्पेनने जून १७७९मध्ये ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ती बातमी न्यू ऑर्लिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर बर्नार्डो दे गाल्वेझ याला आधी कळली. पेन्साकोलात ब्रिटिश सेनापती जनरल कॅम्पबेलला ती पोचेपर्यंत गाल्वेझ फौज घेऊन निघालासुद्धा होता. सप्टेंबरात मँचॅकचं ब्रिटिश ठाणं आणि बॅटन रूज पडलं, मार्च १७८०मध्ये मोबील.

थोडी स्पॅनिश शिकाच. त्याशिवाय अर्धी गोष्ट बंद राहते. स्पेनच्या ‘पारेस’ या पोर्टलवर सेव्हिलच्या दफ्तरातले पुष्कळ कागद घरबसल्या दिसतात. आपल्याकडच्यांना आणखी एक धागा आहे. वेस्ट फ्लोरिडाचा पहिला गव्हर्नर जॉर्ज जॉन्स्टन पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या राजकारणात उतरला. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडलं तेही १७७९च्याच जानेवारीत. एकच साम्राज्य एकाच वेळी इतक्या ठिकाणी गुंतलेलं होतं, यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

पहिला छोटा निबंध लिहायचा असेल, तर पेन्साकोलाचा वेढा घ्या. ८ मे १७८१ला स्पॅनिश तोफगोळा एका बुरुजाच्या दारूखान्यात फुटला आणि सुमारे शंभर जण जागीच गेले. दोन दिवसांत शरणागती. तिच्यातल्या एका अटीने शिबंदीला स्पेन आणि त्याच्या मित्रांविरुद्ध लढायची बंदी घातली. पण अमेरिकन काँग्रेस औपचारिकपणे स्पेनची मित्र नव्हतीच! हे सैनिक पुढे न्यूयॉर्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या मुख्य तळावर पोचले आणि अमेरिकन भडकले. त्या कलमाचा इंग्रजी आणि स्पॅनिश मसुदा शेजारी ठेवून वाचा, मग युद्ध संपवणाऱ्या १७८३च्या तहाकडे वळा.