जुन्या फियाटच्या नादाला लागणाऱ्यांसाठी, आणि आमच्या काकांबद्दल

मागच्या पावसाळ्यात काका गेले. रविवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यावाले जमतो तिथे नवीन कोणी आलं की ते सरळ काकांकडेच जायचं, आम्ही बाकीचे चहा घेत बाजूला उभे राहून ऐकायचो. आता तेच प्रश्न आमच्यापर्यंत येतात आणि प्रत्येक वेळी वाटतं की हे काकांनी किती नीट सांगितलं असतं. त्यांच्याकडून जे मला मिळालं ते लिहून ठेवावं म्हणून बसलेय. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर, डायनामो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

काका टूलरूममधून रिटायर झालेले. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, त्यांच्याहून मोठे लोकसुद्धा. त्यांची स्वतःची गाडी म्हणजे वडिलांच्या वेळची डुक्कर फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. मोठ्या लोकांच्या गाड्या त्यांना मनापासून आवडायच्या. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते ती बघायला ते जमेल तेव्हा जायचेच, प्राणलाल भोगीलाल यांचं अहमदाबादजवळ कठवाड्याचं जुन्या गाड्यांचं म्युझियम बघून आले तर पुढचे कितीतरी रविवार त्याचंच बोलत होते. पण त्यांचं एक म्हणणं कायम असायचं, की राजेमहाराजांच्या गाड्या जपायला कोणीतरी असतंच, फियाट, मॉरिस, लँडमास्टर, हेराल्ड ह्या डॉक्टर-मास्तरांच्या घरच्या गाड्या कोण जपणार? त्या भंगारात गेल्या तर कोणाला कळणारही नाही. मला हे शंभर टक्के पटलेलं आहे आणि मी जुन्या गाड्यांत आले त्याला हेच वाक्य कारणीभूत आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी बॉडी बघाल, क्रोम बघाल, सीट बघाल, स्टार्ट करून आवाज ऐकाल. काका ह्यातलं काहीच आधी करायचे नाहीत. त्यांच्या पिशवीत टॉर्च, चिंधी, छोटा वायर ब्रश आणि खडू असायचा. आधी चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, साफ करायचा, तो खडूने जमिनीवर लिहायचा, मग इंजिन ब्लॉकवरचा नंबर शोधून त्याच्यावरचं ग्रीस आणि काजळी घासून काढायची, तोही खाली लिहायचा. मग मालकाला म्हणायचे, आता आरसी बुक आणा. तिन्ही जुळलं की मग बॉनेटकडे परत वळायचे. नाही जुळलं तर आधी बसून चहा, आणि गाडीचा पूर्ण इतिहास विचारायचा.

मी ह्याच्यातच अडकले होते, म्हणून हे लांबण लावून सांगतेय, कंटाळलात तरी वाचा. माझी गाडी १९६६ ची फियाट ११०० डिलाइट, साताऱ्याकडच्या एका कुटुंबाकडून घेतलेली. माणसं अतिशय सरळ, आजोबांची गाडी, कागद सगळे जपून ठेवलेले, चॅसिस नंबर आरसीशी तंतोतंत जुळत होता. इंजिन नंबर मात्र वेगळा निघाला, आणि तो वेगळा आहे हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांच्या काळात कधीतरी इंजिन जाम झालं होतं आणि गॅरेजवाल्याने त्याजागी दुसरं इंजिन बसवून दिलं होतं.

फियाटमध्ये हे इतकं का होतं ते समजून घ्या. डिलाइटचं १०८९ सीसीचं इंजिन आणि नंतरच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन मुळात एकच. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी थोडेफार बदल होत होत २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली, आणि मुंबईत तर टॅक्सी म्हणून हजारोंनी होती. टॅक्सी भंगारात गेली की इंजिन सुटं मिळायचं, ते दुसऱ्या गाडीत आरामात बसायचं. रिबोअर करून, क्रँक ग्राइंड करून इंजिन बांधण्यापेक्षा चालू इंजिन आणून टाकणं स्वस्त पडायचं आणि दोन दिवसात गाडी रस्त्यावर. आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करायची कोणाला सुचायचं? गाडी चालतेय ना, झालं. म्हणजे कोणी फसवलेलं नसतं, पण तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात ते येतं.

आणि ते येतं कधी, तर ट्रान्सफरच्या वेळी, किंवा पंधरा वर्षांनंतरच्या पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाला गाडी इन्स्पेक्शनला नेता तेव्हा, किंवा तुमची जुनी तीन अक्षरी सिरीजची गाडी कॉम्प्युटरवरच नसते म्हणून बॅकलॉग एंट्री करायला जाता तेव्हा. पेन्सिल प्रिंट मागतात, म्हणजे कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा. प्रिंट आणि बुक जुळत नाही, फाइल तिथेच थांबते. माझी बरेच महिने थांबली होती, आणि तेवढा काळ गाडी अंगणात ताडपत्रीखाली. पैसे दिलेले, गाडी दारात, पण नावावर नाही. त्या दिवसांत मला खरंच रडू यायचं.

ह्याच काळात एक जण भेटतोच भेटतो जो म्हणतो, मॅडम कशाला टेन्शन घेता, आरसीवरचा नंबर ब्लॉकवर पंच करून देतो. हे करू नका. कितीही कंटाळलात तरी नाही. नंबर घासून दुसरा मारणं हा गुन्हा आहे आणि चोरीच्या गाड्यांचं तेच करतात, उद्या तपासात निघालं तर तुम्ही काहीही सांगा कोण ऐकणार? काकांना मी चिडलेलं असं फक्त ह्याच विषयावर बघितलं. एका मुलाने सहज विचारलं होतं, तर त्याला म्हणाले, "अरे, तू त्या गाडीची ओळखच पुसतोयस, मग राहिलं काय?"

आता धीर देते. चॅसिस नंबर जुळत असेल तर इंजिनचं निस्तरता येतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात गाडीतल्या बदलाची नोंद करायची तरतूद आहे, इंजिन कुठून आलं ह्याचा पुरावा लागतो, म्हणजे बिल, आधीच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र, असं जे मिळेल ते. माझ्याकडे काहीच नव्हतं. काका म्हणाले थांब. त्यांच्याकडे वह्या होत्या, लांबट हिशोबाच्या वह्या, त्यात गावागावातल्या जुन्या गाड्या आणि त्या सांभाळणारे मिस्त्री लिहिलेले. त्यात साताऱ्याचं एक गॅरेज सापडलं. मिस्त्री केव्हाच वारले होते, मुलगा दुसराच धंदा करत होता, पण माळ्यावर बिलबुकं होती. काका त्या वयात माझ्याबरोबर एसटीने आले, त्या माळ्यावरची धूळ झटकत बसले आणि आजोबांच्या नावाचं बिल निघालं, इंजिन नंबरासकट. माझी फाइल त्या कागदामुळे हलली. त्यांना ह्यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. परत येताना एसटीत म्हणाले, "पोरी, ती गाडी वाचली बघ," आणि झोपून गेले.

चॅसिसच जुळत नसेल तर मात्र ती गाडी सोडा. कितीही आवडली तरी सोडा. पार्ट्ससाठी घ्या असं कोणी म्हणालं तरी आधी कागदाचा विचार करा.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले ते पण ह्याच्याशी जोडलेले आहेत. पहिल्या रजिस्ट्रेशनला पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नवीन नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्याची काळजी नको. पण नीट वाचा, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला असेल तर ती गाडी ह्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे मारुतीचं इंजिन टाकून देतो, एसी बसवून देतो, डिस्क ब्रेक करू असं सुचवणाऱ्यांचं ऐकण्याआधी हजारदा विचार करा. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदली की ती रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्हाला रोज चालवायची हौस असेल तर साध्या नोंदणीवरच ठेवा, माझी मी तशीच ठेवलीय. काकांची पण तशीच होती, ते भाजी आणायला डुक्कर घेऊन जायचे.

बाकीचं थोडक्यात. रंगाच्या आधी ब्रेक. ह्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकचं सर्किट एकच, एका ब्रेक सिलिंडरचं रबर गेलं की पेडल सरळ खाली, मग तुम्ही खंबाटकी घाटात असा नाहीतर अंगणात. सगळी रबरं, सगळे होज नवीन टाकल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका. मॉरिसवाल्यांनो, तुमच्या गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, बॅटरी लावणाऱ्या पोराला आधी सांगा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या फ्युएल लाइन आणि पंपाचा डायफ्रॅम त्याने खराब होतात, बदलून घ्या आणि टाकी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका. पत्रा बघताना चुंबक न्या, पुट्टीवर तो चिकटत नाही. सुटे पार्ट पुण्यात जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी अजून मिळतात, नाना पेठेत विचारा, मशीनिंग कोल्हापूरला उद्यमनगरात करा, तिथल्यासारखा हात मला दुसरीकडे दिसला नाही.

व्हिडिओ बघून शिकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बघा, पण त्यावर थांबू नका. इंजिनच्या व्हॉल्व्हचे टॅपेट सेट करताना फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, किती घट्ट सरकायला हवं हे दुसऱ्याच्या हाताशेजारी हात ठेवूनच कळतं. आणि गुरू निवडताना एवढंच बघा की तो पाना तुमच्या हातात देतो का. काही मंडळी वर्षानुवर्षं तुम्हाला टॉर्चच धरायला लावतात आणि स्वतःचं कौतुक सांगत राहतात, तिथून निघा. काकांनी मला पहिल्याच रविवारी त्यांच्या स्वतःच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटून देणारा भाग, उघडायला लावला होता. माझे हात थरथरत होते, ते स्टुलावर बसून फक्त "हं, हं" करत होते. गॅरेजमध्ये बाईमाणसाला गिऱ्हाईक समजून बाहेर खुर्ची देतात, त्यांनी ती खुर्ची मला कधीच दिली नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली तेव्हा काका फार गप्प होते. गाड्यांबरोबर त्या सांभाळणारे मिस्त्री पण चाललेत, त्यांच्याशी बोला, लिहून घ्या असं ते आम्हाला सांगत राहिले आणि आम्ही हो हो करत राहिलो. त्यांच्याकडूनच कितीतरी विचारायचं राहून गेलं. जुनी डुक्कर थंडीत चोक न ओढता कशी काय लगेच सुरू व्हायची हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्या गावात असा कोणी म्हातारा मिस्त्री असेल तर ह्याच आठवड्यात जा.

काकूंनी वह्या आमच्याकडे दिल्यात. आम्ही दोघी-तिघी मिळून त्या कॉम्प्युटरवर उतरवतोय, अक्षर बारीक आहे आणि गॅरेजची नावं बरीच बदललीत, त्यामुळे हळूहळू चाललंय. इंजिनच्या नोंदीत अडकलेला कोणी असेल तर रविवारी सकाळी या. येताना आरसीची झेरॉक्स आणि चॅसिस-इंजिनची पेन्सिल प्रिंट घेऊन या, आणि गाडी आधी कोणत्या गावात होती ते मालकाला नीट विचारून या, कारण वह्यांमध्ये सगळं गावाच्या नावाने लावलेलं आहे.