हिफचा फिका पट्टा आणि दाहाचा खोटा निष्कर्ष

खारघरच्या लॅबमध्ये आतड्याचं अस्तर, दाह आणि हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता) हा विषय घेऊन येताय, तर एक गोष्ट आधी पक्की करा. या अस्तराला कमी ऑक्सिजन हा आजार नाही. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. मोठ्या आतड्याच्या पेशी ब्युटिरेट (आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेलं मेदाम्ल) जाळताना उरलासुरलाही वापरतात, म्हणून हिफ-१ हे कमी ऑक्सिजनमध्ये जनुकं चालू करणारं प्रथिन टिकतं आणि अस्तर शाबूत राहतं. दाह झाला की आत शिरलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणखी ऑक्सिजन खातात, शिवाय दाहाचा निरोप देणारा टीएनएफ, एनएफ-कप्पा-बी या प्रथिनामार्फत, हिफ-१ अल्फाचं (हिफ-१ चा ऑक्सिजनवर टिकणं-मोडणं ठरणारा भाग) जनुक चेतवतो. हे तुम्ही वाचलेलं असेलच.

मी अडकले ते सॅम्पल काढताना. हवा लागली की हिफ-१ अल्फा पाचेक मिनिटांत निम्मं होतं. ऑक्सिजन वापरून हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्यावर खूण करतं, व्हीएचएल हे प्रथिन ते पकडतं, प्रोटिअझोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र ते मोडून टाकतं. ऑक्सिजन ओळखण्याच्या याच यंत्रणेसाठी २०१९ चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं. आता समजा, कमी ऑक्सिजनच्या चेंबरमधून पेशींच्या सगळ्या प्लेट एकदम बाहेर काढल्या. नुसत्या हायपॉक्सियाची आधी धुतली, टीएनएफवाली ओट्यावर थांबली. प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर टीएनएफवाल्या प्लेटचा हिफचा पट्टा फिका दिसतो आणि वाटतं, दाहाने हिफ दाबलं! दाबलं हवेने. म्हणून लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) आत नेऊन चेंबरमध्येच टाका. चेंबर तसा नसेल तर एकावेळी एकच प्लेट काढून थेट बर्फावर ठेवा आणि दर खेपेला क्रम बदला. मीडियाही (पेशींचं पोषक द्रावण) आदल्या रात्री आत ठेवा, फ्रिजमधल्या थंड मीडियात ऑक्सिजन भरपूर विरघळलेला असतो.

ठाण्याची लोकल गाठायची घाई असेल त्या दिवशी सॅम्पल काढूच नका.

सीनियर म्हणतील, कोबाल्ट क्लोराइड टाक, चेंबर कशाला? दाहाच्या प्रयोगात हे ऐकू नका. कोबाल्ट हायड्रॉक्सिलेज बंद पाडतो, ऑक्सिजन कमी करत नाही, त्यामुळे न्यूट्रोफिल ऑक्सिजन खातात त्याचा प्रश्न त्यात विचारताच येत नाही. माझ्या मते अशा वेळी गाइडपेक्षा चेंबर रोज हाताळणाऱ्या टेक्निशियन ताईंना विचारावं. झडप कुठे गळते ते त्यांनाच ठाऊक असतं.

पहिले पट्टे कोरे आले तर खचू नका. त्याच पेशींतून आरएनए काढून, हिफ चालू करतं त्या कार्बॉनिक अनहायड्रेज-९ या जनुकाचा आरएनए-संदेश बघा. तो संदेश हिफसारखा मिनिटांत नाहीसा होत नाही. तो वाढलेला असेल तर पेशींना हायपॉक्सिया मिळाला होता, प्रथिन तुमच्या हातात येईपर्यंत गेलं.